सासऱ्यांची गोळी, नवऱ्याचा नियम आणि ‘नवं संशोधन सांगतं की...’

प्रश्न : पुण्यातल्या एका वाचकाच्या लांबलचक पत्राचा हा गोषवारा. वय ४४, आयटीत नोकरी. घरात सासरे, नवरा आणि बारावीतली मुलगी. सासरे ७३ वर्षांचे. १४ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. ‘निरोगी ज्येष्ठांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट रक्तस्राव वाढतो’ असं कुठेतरी वाचून त्यांनी आठ दिवसांपूर्वी इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचीच गोळी, बंद केली. नवऱ्याला मित्राने एक शोधनिबंध पाठवला आहे. त्यातल्या नियमाने निफ्टीच्या ऑप्शन्समध्ये (शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांत) पैसे लावायचे म्हणून ६ लाखांची एफडी मोडायचं चाललंय. ऑफिसात मॅनेजर सांगतात की घरून काम केलं की उत्पादकता १८ टक्क्यांनी घसरते, ‘तसं संशोधनच आहे’, तेव्हा आता पाचही दिवस या. मुलीचं मत असं की हे सगळं बेभरवशाचं, खात्रीचं काय ते फिजिक्स आणि मॅथ्स. पत्राचा शेवट असा : ‘आज एक सांगतात, उद्या त्याच्या उलट. यापुढे घरात संशोधन हा शब्द काढायचा नाही असं जाहीर करू का? की एखादं खात्रीचं ठिकाण निवडून तेवढ्यावरच विश्वास ठेवावा?’

उत्तर : हे उत्तर पुढे वाचण्याआधी सासऱ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावा. आजच. सांगायचं ते एवढंच : स्टेंटला १४ महिने झालेत, इकोस्प्रिन अमुक तारखेपासून बंद आहे, बाकीच्या गोळ्या या या चालू आहेत, आता काय करू? राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-तीन गोळ्या एकदम देऊ नका. छातीत दुखणं, दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ लावा. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी असते, आणि गुठळी धरली तर हृदयाचा झटकाच येतो.

आता गंमत बघा. सासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या बाबांनी, वाचलं ते खोटं नाही. तो बहुधा ‘अ‍ॅस्प्री’ नावाचा अभ्यास असणार. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९,११४ ज्येष्ठ माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कोणती मिळाली हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि त्यांच्या डॉक्टरांनाही. पावणेपाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. धडधाकट, अपंगत्वाशिवाय जगण्याची वर्षं अ‍ॅस्पिरिनने वाढली नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. अभ्यास चोख आहे. फक्त त्यात घेतलेल्या लोकांना आधीपासून हृदयविकार नव्हता. तशी अटच होती. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी नाव नोंदवायला रांग लावली असती तर त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं!

‘निरोगी’ हा एक शब्द बातमीत होता, आणि तोच वाचताना निसटला. तुमच्या पत्रातल्या चारही भांडणांत असाच एकेक शब्द निसटलेला आहे. ‘हे संशोधन खरं की खोटं?’ असं तुम्ही विचारता. त्याऐवजी ‘हे संशोधन कोणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे?’ असं विचारून बघा. बाबांच्या अभ्यासाने विचारलं होतं, ‘ज्याला काही झालेलं नाही त्याने अ‍ॅस्पिरिन सुरू करावी का?’ बाबांचा प्रश्न आहे, ‘स्टेंट बसलेल्याने ती बंद करावी का?’ दोन वेगळे प्रश्न, उत्तरंही वेगळी.

हाच अभ्यास आणखी एका कारणासाठी जवळून बघण्यासारखा आहे. अ‍ॅस्पिरिनच्या गटात मोठा रक्तस्राव झाला ३.८ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात २.८ टक्क्यांना. ही बातमी ‘धोका ३८ टक्क्यांनी वाढला’ अशी देता येते, आणि ‘जवळपास पाच वर्षांत शंभरातल्या आणखी एकाला त्रास झाला’ अशीही देता येते. दोन्ही बरोबर. मथळ्यात पहिली येते, कारण ती दचकवते. म्हणून कुठेही ‘अमुक टक्क्यांनी वाढलं’ दिसलं की शंभरात आधी किती होते आणि नंतर किती झाले हे शोधायचं. हे दोन आकडे बातमीत नसतील, तर ती बातमी घरातल्या कुठल्याही निर्णयाला पुरेशी नाही.

बाबांशी बोलताना ‘व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही वाचता’ असं म्हणू नका. ‘बाबा, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण तो अभ्यास स्टेंट नसलेल्यांचा आहे, हे कात्रण आपण डॉक्टरांना दाखवू’ असं म्हणा. रक्तस्रावाची त्यांची भीतीही पोकळ नाही, म्हणून ती प्रश्नांच्या रूपात डॉक्टरांपर्यंत न्या. पोट सांभाळणारी गोळी सोबत हवी का? गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालेल का? (या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातच आडवी येऊ शकते.) डांबरासारखी काळी शी झाली तर काय करायचं? बाबांना वाचायची हौस असेल तर त्यांच्या खऱ्या प्रश्नावरही संशोधन चालू आहे : स्टेंटनंतर काही काळाने गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकच ठेवायची तर अ‍ॅस्पिरिन ठेवावी की क्लोपिडोग्रेल? दक्षिण कोरियात पाच हजारांवर रुग्णांवर झालेल्या अशा अभ्यासात २०२१ साली क्लोपिडोग्रेल सरस ठरली. ते कात्रण डॉक्टरांकडे न्या, चर्चा चांगली होईल. दोन्ही गोळ्या बंद करून बघू, असा पर्याय मात्र त्या अभ्यासात नव्हता.

‘आज एक, उद्या उलट’ या तक्रारीचं बोलू. पुष्कळदा उलटतो तो मथळा. पण संशोधनही कधी कधी खरोखर उलटतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पाळी गेल्यानंतर हार्मोन्स घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांतून अनेक वर्षं दिसत होतं. २००२ साली अमेरिकेत १६,६०८ बायकांवरच्या चाचणीत, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या अभ्यासात, तो फायदा दिसला नाही. उलट त्यांना एकत्र दिलेल्या दोन हार्मोन्सनी धोका वाढलेला दिसला आणि ती चाचणी वेळेआधी थांबवली गेली. असं का झालं? आधीच्या निरीक्षणांत ज्या बायका आपणहून हार्मोन्स घेत होत्या त्या मुळातच जास्त सुस्थितीतल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या. हार्मोन्सचा गुण आणि त्यांच्या राहणीचा गुण वेगळा काढता आला नव्हता. आणि दुसरी बाजू अशी की २००२च्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी नुकतीच गेलेल्या पन्नाशीच्या बाईचं चित्र वेगळं निघतं, हे पुढच्या विश्लेषणांत दिसलं. फिरून मुद्दा तोच, अभ्यास कोणावर झाला. म्हणून ‘क्ष खाणाऱ्यांना य कमी होतो’ असं वाचलं की क्ष खाणारे लोक कोण असतात, हा प्रश्न आधी मनात यायला हवा.

आता ६ लाख. इथे मी जरा सविस्तर आणि जरा कडक बोलणार आहे.

तुमच्या यजमानांना आलेल्या निबंधात आलेख सरळ वर जातो म्हणे. जाणारच, वर न जाणारा आलेख निबंधात येत नाही. हे कसं होतं ते नाण्यावर बघू. समजा १,०२४ माणसं दर महिन्याला एकेक नाणं उडवतायत. छापा पडला तर जिंकले, काटा पडला तर बाद. पहिल्या महिन्यानंतर सुमारे ५१२ उरतील, मग २५६, मग १२८. दहा महिन्यांनी साधारण एकजण उरेल, सलग दहा वेळा जिंकलेला. त्याच्याकडे कसलीही विद्या नाही. बाजाराच्या जुन्या आकड्यांवर संगणकाने हजार नियम चालवून बघायला आज एक दुपार पुरते. त्यातला ‘दहा वेळा जिंकलेला’ नियम तेवढा लिहायचा आणि उरलेले १,०२३ झाकून ठेवायचे, की असा आलेख तयार. लिहिणाऱ्याची नियत साफ असली तरी हे घडतं, कारण चांगला निघालेला निकालच छापावासा वाटतो.

हे हवेतलं बोलणं नाही. मॅक्लीन आणि पाँटिफ या दोन अभ्यासकांनी शेअरचा परतावा आधी सांगू पाहणारे ९७ प्रसिद्ध नियम घेतले आणि निबंधात तपासलेला काळ संपल्यावर त्यांचं काय झालं ते पाहिलं. निबंध २०१६चा, आकडे अमेरिकी बाजाराचे. तो काळ संपल्यावर परतावा सरासरी २६ टक्क्यांनी खाली आला, आणि नियम छापून सगळ्यांना कळल्यावर ५८ टक्क्यांनी. हे जाणत्यांच्या नियतकालिकांत छापलेल्या नियमांचं. मित्राने पाठवलेल्या पीडीएफचं तुम्हीच ठरवा.

आणि आपल्याकडची सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, पाहणी तर कोणत्याही घरात फ्रिजवर चिकटवावी अशी आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा उरला तो फक्त १ टक्का लोकांना. पुढच्या वर्षीच्या पाहणीतही तोट्यातले ९१ टक्केच निघाले. समोर कोण असतं तेही त्यात आहे : २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाली संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार यांनी या बाजारात जो नफा काढला, त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक संगणकी अल्गोरिदमच्या जोरावरचा होता. तुमचे यजमान जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून ज्यांच्याशी खेळणार, ते हे.

तरीही ‘नाही म्हणजे नाही’ म्हणून विषय मिटेल असं वाटत नाही. मागे चोरून डिमॅट उघडलं जाण्यापेक्षा टेबलावर परीक्षा झालेली बरी. एफडीला हात लावायचा नाही. निबंधातला नियम कागदावर शब्दशः उतरवा : कधी घ्यायचं, कधी विकायचं, किती लॉट (सौद्याचे ठरलेले गठ्ठे), तोटा किती झाला की बाहेर. तीन महिने रोज वहीत लिहा, पैसे न लावता. खरेदी लिहायची ती विकणारा मागतोय त्या भावाने आणि विक्री घेणारा देतोय त्या भावाने. मधला भाव धरायचा नाही. कागदावरचा नफा पहिल्यांदा तिथेच झिरपतो. प्रत्येक सौद्यात दलाली, एसटीटी (शेअर सौद्यांवरचा कर), जीएसटी, स्टॅम्प ड्युटी वजा करा. मध्येच नियम बदलला तर तीन महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे. ही अट सगळ्यात जड जाते. आणि यजमानांना आधीच सांगून ठेवा की फ्युचर्स-ऑप्शन्सचा हिशेब हा धंद्याचं उत्पन्न किंवा तोटा धरला जातो. पगारदाराचं साधं विवरणपत्र चालत नाही, सहसा आयटीआर-३ भरावं लागतं. माझा अंदाज विचाराल तर वही दुसऱ्या महिन्यात बंद पडेल. पडू द्या.

मॅनेजरांच्या १८ टक्क्यांकडे वळू. हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. कोण घरून काम करणार आणि कोण ऑफिसातून, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातला दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून होता, आणि बाकीचा ऑफिसातले लोक लवकर शिकत गेल्याने पडला. आता त्यांना विचारा (मवाळपणे) की आपली टीम डेटा एंट्री करते का, आणि मी पूर्ण वेळ घरून काम मागतेय का.

तुमच्या बाजूचा पुरावा असा. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला, २०२४ साली ‘नेचर’मध्ये आला. जन्मतारीख विषम असलेल्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम, सम असलेल्यांना पाचही दिवस ऑफिस. पुढची दोन वर्षं कामाचं मूल्यमापन आणि बढत्या पाहिल्या, फरक सापडला नाही. नोकरी सोडून जाणारे मात्र एक-तृतीयांशाने घटले. मजा म्हणजे प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांनाही वाटत होतं की उत्पादकता घसरेल. नंतर त्यांचंच मत पालटलं.

पण तुमच्या विरोधातलंही ठाऊक असू द्या, नाहीतर मीटिंगमध्ये पंचाईत होईल. कोविडकाळात आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या १०,०००हून अधिक कर्मचाऱ्यांचे आकडे तपासले गेले. पूर्ण वेळ घरून काम असताना लोक जास्त तास बसले, काम मात्र थोडं कमीच झालं. तासागणिक उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी उतरली. मीटिंगा वाढल्या आणि सलग कामाचा वेळ घटला. घरात मुलं असणाऱ्यांना फटका जास्त बसला. तिन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. पूर्ण वेळ घरी आणि आठवड्यातले दोन दिवस घरी, या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मागणी बांधून करा : आठवड्यात दोन ठरलेले दिवस, तीन महिन्यांसाठी, काय मोजायचं ते आधी लिहून, म्हणजे किती टिकेट्स (नोंदवलेल्या तक्रारी) बंद झाली, किती परत उघडली, मुदती किती चुकल्या. त्या दोन दिवसांत सकाळी दोन-तीन तास मीटिंग नको, हेही त्यात घाला. जमलं नाही तर तीन महिन्यांनी मागे फिरता येतं.

मागे फिरता येणं हे मी मुद्दाम म्हटलं. ऑफिसच्या दोन दिवसांचा प्रयोग अर्धवट पुराव्यावर करायला हरकत नाही, फसला तर फार काही जात नाही. एफडीचे पैसे बुडाले तर वर्षं जातात. गोळीच्या बाबतीत चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूस हवा. पुरावा किती भक्कम मागायचा हे त्यावर ठरवा.

मुलीला माझा नमस्कार सांगा आणि एलके-९९ची गोष्ट विचारा. २२ जुलै २०२३ला कोरियातल्या एका गटाने घरातल्या तापमानाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ, सापडल्याचं जाहीर केलं. तो प्रीप्रिंट होता, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच सर्वांसमोर ठेवलेला निबंध. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह जगभर लोकांनी तो पदार्थ बनवून पाहिला. महिनाभरात फुगा फुटला : विद्युतरोध अचानक पडतो तो त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, साधारण १०४ अंश सेल्सिअसला. शुद्ध स्फटिक बनवला तर तो चक्क विद्युतरोधक निघाला. आणि तपासून छापलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही. अतिवाहकतेवरचाच एका अमेरिकी गटाचा २०२०चा निबंध ‘नेचर’ने २०२२ला मागे घेतला आणि त्याच गटाचा २०२३चा निबंध त्याच वर्षी. गणितातसुद्धा बघा. फळवाला संत्री रचतो त्याहून दाट रचना शक्य नाही, हे केप्लरने १६११ साली म्हटलं. हेल्स या गणितज्ञाने १९९८ला सिद्धता दिली, बारा परीक्षक काही वर्षं झटले आणि ‘९९ टक्के खात्री आहे’ म्हणून थांबले. उरलेला एक टक्का संगणकाकडून ओळ न ओळ तपासून घ्यायला २०१४ उजाडलं. त्या एका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं घालवणारी माणसं मला फार आवडतात.

त्यामुळे ‘खात्रीचं एकच ठिकाण’ तुम्हाला देता येत नाही. आणि बंदीबद्दल म्हणाल तर बाबा वाचायचे थांबणार नाहीत, फक्त तुम्हाला सांगायचे थांबतील. यावेळी गोळी बंद केल्याचं आठ दिवसांत कळलं ते त्यांनी सांगितलं म्हणूनच ना? उलट तपासायचं काम मुलीकडे द्या, मोबदला ठरवून. कुटुंबाच्या ग्रुपवर काही आलं की मूळ निबंधाचं नाव शोधायचं. नाव नसलेली बातमी तिथेच सोडून द्यायची. आरोग्याचं असेल तर पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर सारांश फुकट वाचता येतो, आणि निबंध मागे घेतला असेल तर तसं पानावर वरच लिहिलेलं असतं. तिने एका कागदावर एवढंच उतरवायचं : माणसं की उंदीर, माणसं असतील तर किती, कोणत्या वयाची, कोणाला वगळलं, तुलना कशाशी, शंभरात आधी किती, नंतर किती, प्रीप्रिंट की तपासलेला, पैसे कोणी दिले. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ती सापडते. सुरुवातीला काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि शेवटी काय छापलं, हे ताडून बघणं बारावीच्या मुलीला सहज जमेल. एआयला सारांश विचारायचा तर विचारू दे, पण निबंध खरोखर अस्तित्वात आहे का हे तिने स्वतः उघडून पाहायचं. नसलेले निबंध नावागावासह रचून देण्यात ही यंत्रं पटाईत आहेत.

पहिला कागद बाबांच्या अ‍ॅस्पिरिनच्या अभ्यासाचा करायला सांगा. ‘कोणाला वगळलं’ या रकान्यात ती काय लिहिते ते बाबांना तिच्याच तोंडून ऐकू द्या.